मोबाइलवरची फाइल आणि हक्कुल-इबाद

मगरिबच्या नमाजनंतर आमच्या मकतबमध्ये दहावीची मुलेही बसतात. गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी एकाने एका गाइडची संपूर्ण पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिले, ‘सदका-ए-जारिया’. नियत नेक होती. म्हणूनच रागावण्याऐवजी त्या दिवशीचा धडा याच विषयावर घेतला.

मुलांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. इल्म दडवून ठेवणाऱ्यास हदीसमध्ये कठोर इशारा आहे. मग इल्म वाटणारा चोर कसा? शिवाय मूळ पुस्तक प्रकाशकाकडे तसेच राहते, कोणाचे काही हरवत नाही.

मी त्यांना चादरीविषयी विचारले. कित्येकांची घरे यंत्रमागावर चालतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. अन्यत्र विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली, तर आपल्या मागावरचा एक धागाही कोणी नेत नाही. मग नुकसान कोणाचे? एका मुलाने तत्काळ उत्तर दिले, “आमचं.” हाताला न लागणारी वस्तूही मालमत्ता असते, हे वेगळे समजावण्याची गरज उरली नाही.

फिक्हच्या दृष्टीने हा प्रश्न नवा आहे आणि काही उलमांचे मत वेगळे होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला, की व्यापारी नाव, लेखन व शोध यांवरील हक्क शरीयतला मान्य असून त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. सूरह निसाच्या २९व्या आयतीत एकमेकांचा माल बातिल मार्गाने खाण्यास मनाई आहे आणि परस्पर रजामंदीच्या व्यापारास मुभा आहे. सारा मुद्दा या रजामंदीचाच आहे. मुहद्दिसांनी तर इल्मच्या प्रसारातही इजाजत जपली. उस्तादाविना नुसते हस्तलिखित हाती लागले, तर त्यास ‘विजादा’ म्हणत आणि ‘मला लिहिलेले आढळले’ असेच सांगत. त्यांना चिंता अचूकतेची होती, किमतीची नव्हे. पण हाती आले म्हणून आपले झाले, असे त्यांनी मानले नाही.

देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. आपल्या जिल्ह्यातील करमाळा परिसरात चित्रित झालेला ‘सैराट’ २०१६ साली चित्रपटगृहांत चालू असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलवरून फिरत होत्या. चित्रपट पाहावा की नाही, ही चर्चा वेगळी. परंतु एखादी वस्तू आपल्याला नापसंत आहे म्हणून तिची चोरी हलाल ठरत नाही.

याचा अर्थ प्रत्येक फाइल हराम असा नव्हे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश खुला आहे. विकिपीडियाचा मजकूर तर श्रेय देऊन वाटण्यासाठीच मुक्त परवान्याखाली ठेवलेला असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले. ‘श्यामची आई’ २०११पासून कोणीही निःसंकोच पाठवावी. फाइल कोणाची, आणि त्याने वाटण्याची परवानगी दिली आहे काय, एवढे दोन प्रश्न पाठवण्यापूर्वी विचारले तरी बहुतेक गोंधळ मिटतो.

धडा संपताना मागच्या रांगेतून आवाज आला, “मौलाना, गाइड चारशेचं आहे. अम्मी विड्या वळते.”

याला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. गरजवंताला केवळ मसला ऐकवून घरी पाठवणे मला जमले नाही. इशानंतर मस्जिदच्या जमातीपुढे विषय ठेवला आणि त्या गाइडच्या पाच प्रती विकत घेतल्या. विकत घेतलेली प्रत हातोहात फिरली तर कोणाचा हक्क मारला जात नाही, कारण नवी प्रत तयारच होत नाही. प्रत्येकाला आठवडाभर, वहीत नाव लिहून. ग्रुपवरची फाइल ज्याने टाकली होती त्यानेच पुसली, आणि वही सांभाळण्याचे कामही त्याने मागून घेतले.