मोटारीचा नियंत्रक घरीं करितांना

कोळपणीचें लहान यंत्र बॅटरीवर चालविण्याचा उद्योग कांहीं हौशी शेतकरी घरच्याघरीं करितात. मोटार उत्तम फिरते. परंतु तिचा वेग ताब्यांत ठेवणारा नियंत्रक वारंवार जळतो. त्याचें कारण पुष्कळदां सुट्या भागांत नसून त्यांच्या मांडणींत असतें.

नियंत्रकांतील मॉस्फेट ही अर्धवाहक कळ सेकंदास हजारों वेळां चालू-बंद होते. ती बंद होतांच मोटारीचा प्रवाह डायोडच्या वाटेनें फिरत राहतो. परंतु बॅटरीकडील तारांतला प्रवाह एकाएकीं तुटतो. पंपाची झडप एकदम मिटली असतां नळांत जसा पाण्याचा हिसका बसतो, तसाच या तारांत विद्युत्दाब उसळतो. हिशेब पाहावा. १० सेंटिमीटर तारेची प्रेरकता सुमारें १०० नॅनोहेन्री असते. १०० अँपिअरांचा प्रवाह १०० नॅनोसेकंदांत तुटल्यास उसळी १०० व्होल्टांची होते. ४८ व्होल्टांची म्हणून घेतलेली लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारें ५४ व्होल्ट देते, एकूण १५४. तेथें १०० व्होल्टांचा मॉस्फेट कसा टिकावा?

यास्तव कपॅसिटर मॉस्फेट व डायोड यांस अगदीं लागून बसवावे. धन व ऋण बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्या रुंद घेऊन, मध्यें विद्युत्-रोधक पत्रा घालून, एकमेकींवर ठेवाव्या. या तिहींमधील प्रवाहाच्या फेऱ्याची प्रेरकता २० नॅनोहेन्रींवर आणल्यास उसळी २० व्होल्टांची राहते व बेरीज ७४ होते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. २ मिलिओहम रोधाच्या एकाच मॉस्फेटमधून १०० अँपिअर सतत वाहूं लागले, तर त्यांत २० वॅट उष्णता होते. असे चार समांतर जोडल्यास प्रत्येकांत सव्वा वॅटच. चालू-बंद होतांना होणारी उष्णता निराळी. म्हणून ती बाहेर टाकण्यास ॲल्युमिनियमचा जाड पत्रा हवाच. गेटचा दाब सुमारें १२ व्होल्ट असावा; तो खचला तर कळ अर्धवट चालू राहून जळते.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटीं देतों. मॉस्फेट बिघडतो तो बहुधा चालू स्थितींत अडकूनच. मग मूठ सोडली तरी मोटार पूर्ण वेगानें धांवते, आणि पात्यांपुढें माणसाचा पाय असूं शकतो. म्हणून योग्य फ्यूज घालावा, आणि बॅटरीचा एकदिश प्रवाह तोडूं शकणारी, नियंत्रकावर अवलंबून नसलेली हातकळ चालकाच्या हाताशीं ठेवावी. पहिली परीक्षा पातीं काढून व चाकें जमिनीवरून उचलून घ्यावी. हातकळ आधीं बसवावी; नियंत्रक नंतर.