चित्रफितीवरून स्पीकरची पारख

प्रश्न : चार लाखांपर्यंतची स्पीकरची जोडी घेण्याचा मानस आहे. यूट्यूबवरील चित्रफिती उत्तम हेडफोन लावून ऐकल्या. एक जोडी फारच पसंत पडली. प्रत्यक्ष न ऐकता मागवावी काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण ऐकलात तो नाद त्या स्पीकरचा नव्हे, तर परीक्षकाच्या खोलीतील प्रतिध्वनी, त्याचा मायक्रोफोन, प्रसारणासाठी केलेले ध्वनीचे संकोचन आणि सरतेशेवटी आपलाच हेडफोन, या साऱ्यांतून गाळून उरलेला अवशेष होय. प्रत्यक्ष खोलीत आपले कान स्पीकरकडून थेट आलेला आणि भिंतींवरून परतलेला नाद यांचा निवाडा करतात. मायक्रोफोन मात्र दोन्ही एकत्र कालवून टाकतो. चित्रफिती सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे नव्हे. बांधणी, आकारमान आणि मोजमापाचे आलेख पाहून यादी आखूड करण्यास त्या पुरेशा आहेत.

दुकानी जाताना आपल्या नित्य परिचयाचे ध्वनिमुद्रण, शक्यतो ज्यात तंबोऱ्याची जवारी स्पष्ट आहे असे, सोबत न्यावे, आणि तुलनेच्या वेळी दोन्ही जोड्यांची पातळी समान ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर कानास बहुधा सरस भासतो (विक्रेत्यांस हे पक्के ठाऊक असते!). तथापि सुमारे २०० हर्ट्झच्या खालचा नाद दुकानात एक आणि आपल्या दिवाणखान्यात दुसराच ऐकू येतो, कारण त्या नादावर खोलीच्या लांबीरुंदीचा अंमल चालतो. सबब घरी ऐकून परत करण्याची मुभा लेखी मिळाल्याखेरीज बयाणा देऊ नये.