अर्ध्या तिकिटाची मुंबई

संकेश्वर,
गुरुवार

चि. सौ. वैशालीस,


दसऱ्याच्या सुटीत मुलांना मुंबई दाखवायला नेताय हे तुझ्या आईकडून कळलं. पाठोपाठ विनायकरावांनी केलेली यादीही मोबाइलवर आली. तीन दिवसांत एकोणीस ठिकाणं! त्यांना सांग, एवढ्या ठिकाणी नुसती हजेरी लावायची म्हटली तरी दुसऱ्या दुपारी पोरं भर रस्त्यात बसकण मारतील. हे फोनवरही बोललो असतो, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि ठेवल्याबरोबर विसरतेस. कागद पर्समध्ये राहतो.

मी जन्मभर बसच्या दारात उभा राहून माणसं बघितली. सहलीला निघालेल्या घरात मोठ्यांचं सगळं लक्ष कधी पोचतो याच्यावर असतं. पोराचं लक्ष घंटीची दोरी कुठं बांधली आहे, डायव्हर गिअर कसा टाकतो, दार आपोआप कसं मिटतं याच्यावर असतं. चार वर्षांचं पोर इमारत बघत नाही. इमारत उभी असते, ते तिच्यासमोर उभं राहतं आणि मग त्याला सू लागते. त्याला दिसतं ते हलणारं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: मुंबईत जे जे हलतं ते समर्थला आणि ओवीला दाखव. जे हलत नाही ते कुठं पळून जात नाही, कॉलेजात गेल्यावर बघतील.

तेव्हा सुरुवात कोल्हापूर स्टेशनापासून. संकेश्वरला रेल्वे नाही, निपाणीला नाही. लाइन व्हावी म्हणून केलेल्या मागण्या ऐकतच आम्ही म्हातारे झालो. आपल्या पोरांना आगगाडी हीच अर्धी मुंबई. विनायकराव म्हणतात तशी हायवेवरून स्लीपर कोच धरू नका. कप्प्यात पडून पोराला काही दिसत नाही, आणि रात्री दोनला ओवीला जायचं झालं तर डायव्हरच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. कोल्हापूरहून रात्री सुटणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जा. सकाळी थेट सीएसएमटीला उतरवते.

पहाटे कल्याण गेलं की दोघांना उठवून खिडकीशी बसव. शेजारच्या रुळावरून लोकल धावायला लागतात. कधी आपली पुढं, कधी त्यांची पुढं. ही शर्यत फुकट असते. ठाणं आलं की समर्थला सांग, इथून पुढचा रस्ता हिंदुस्थानातल्या पहिल्या प्रवासी गाडीचा. १६ एप्रिल १८५३ ला ती बोरीबंदरहून ठाण्याला आली, डबे चौदा आणि इंजिनं तीन. इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. साल विसरेल, पण ही तीन नावं त्याच्या डोक्यातून जायची नाहीत, बघ.

तिकिटाचं एक सांगतो. रेल्वेत पाच वर्षांखालच्या पोराला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट पडत नाही, म्हणजे ओवीचा प्रश्न नाही. पाच ते बारा वयाच्या पोराला बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं आहे. समर्थचं पूर्ण काढा. कंडक्टरकीत मी शेकडो आईबाप बघितले, एरवी सज्जन माणसं, पण बस आली की पोराच्या कानात सांगणार, "मामांनी विचारलं तर पाच म्हण." पोर माझ्याकडं बघतं, आईकडं बघतं आणि बोटं मोजायला लागतं. एकानं मला मोठ्यांदा सांगितलं होतं, "पाच, पण खरं सात." सगळी बस हसली, बाप खिडकीबाहेर बघत बसला. समर्थ आता त्याच वयाचा आहे.

मुक्काम. तुझ्या नणंदेचं घर डोंबिवलीला आहे आणि तिथं न उतरलं तर राग येईल, हे मला माहीत आहे. तरीही नको. सकाळी डोंबिवलीहून मुंबईच्या बाजूला जाणारी लोकल ही मुलांना घेऊन चढायची जागाच नव्हे, आणि संध्याकाळी परतताना तीच गर्दी उलट्या दिशेला. पूर्वी आपल्या गडहिंग्लज-चंदगडकडच्या माणसांची बिऱ्हाडं परळ-लालबागच्या चाळीत असायची. गावाकडचा पाहुणा आला की खोलीत आणखी एक वळकटी पडायची, आणि चार पावलांवर ट्राम. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि ती बिऱ्हाडंही पांगली, कुणी डोंबिवली, कुणी विरार. पाहुणचाराची सोय बिऱ्हाडांसकट लांब गेली. तेव्हा सीएसएमटीच्या आसपास साधा स्वच्छ लॉज बघा. नणंदेला शनिवारी मुलांसकट राणीच्या बागेतच भेटायला बोलाव. तिच्याही मुलांना सहल होईल आणि स्वयंपाकातून तीही सुटेल.

शनिवार का, ते सांगतो. मुंबईत वारांचं भान नसलं की बंद दारासमोर फोटो काढून परत यावं लागतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. म्हणून बुधवारी रात्री निघा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मुंबई, शनिवारी रात्री परतीची महालक्ष्मी. रविवारी सकाळी कोल्हापूर, दुपारी घरी झोप. आपल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुटी असते, मुंबईच्या पोरांना दिवाळीची. ते शाळेत असताना तुम्ही बागेत. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा. फक्त ऑक्टोबरातला तिकडचा उकाडा जबर, म्हणून रोज दुपारी एक ते चार लॉजवर पंख्याखाली. यावर घासाघीस नको. दुपारची झोप चुकलेलं पोर संध्याकाळी काय करतं, हे मला तू सांगायला पाहिजेस.

गुरुवारी सकाळी उतरल्यावर आंघोळ, नाश्ता आणि झोप, बाकी काही नाही. सीएसएमटीची इमारत १८८८ साली पुरी झाली, जागतिक वारसा आहे, वगैरे विनायकराव सांगतीलच. मुलांना तिथं वरच्या दगडांत कोरलेले प्राणी शोधायला लाव, तेवढं पुरे. चारनंतर गिरगाव चौपाटी. आपल्या हिरण्यकेशीचं पाणी पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात आटतं. पाणी एकाच दिवसात दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे आपल्याकडच्या पोराला सांगून पटत नाही. म्हणून गेल्या गेल्या वाळूत पाण्याच्या कडेला, पण लाटेपासून हातभर मागं, एक काठी रोवा. तासाभरानं बघा. पाणी काठीपर्यंत आलं तर भरती, लांब गेलं तर ओहोटी. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण त्या आधी सांगून टाकू नका. पोरांना पैज लावू दे. पाण्यात घोट्याच्या वर कुणी नाही, विनायकरावसुद्धा नाहीत.

शुक्रवारी घारापुरी. लॉजवरून गेटवेला जाताना बेस्टची दुमजली बस मिळाली तर तीच धरा, चार बस सोडाव्या लागल्या तरी चालेल. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली आणि दुमजली १९३७ साली आली. जुन्या लाल डिझेलच्या दुमजली १५ सप्टेंबर २०२३ ला कायमच्या थांबल्या, आता विजेवरच्या, एसीच्या आहेत. खिडकी उघडत नाही हे मला पटलेलं नाही, पण वरून रस्ता तसाच दिसतो. खाली माणसांची डोकी आणि समोर झाडाच्या फांद्या काचेवर येतात. ओवी किंचाळणार. किंचाळू दे.

गेटवेवर फार रेंगाळू नका, ऊन वाढायच्या आत लाँच पकडा. समर्थला एवढंच सांग की ही कमान इंग्रजांच्या राजाच्या स्वागताची, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला त्यांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर चढून परत गेली. लाँच तासाभराची आहे. चढल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांच्या मापाची मागा आणि बंद स्वतः बांधा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. तिथं भीड नको. जॅकेट नसेल तर ती लाँच सोडा. घारापुरीच्या धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, तिच्यात बसल्याशिवाय मुलं पुढं हलणार नाहीत. वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ओवीला उचलून न्यायची वेळ येईल, म्हणून हातात पिशव्या नकोत, आणि माकडं असल्यामुळं खाऊ तर उघड्यावर नकोच. त्रिमूर्तीसमोर पाच मिनिटं उभं राहा. अंधारात ते तोंड हळूहळू दिसायला लागतं, ते मुलांनाही कळतं. बाकीची लेणी राहिली तर राहू दे.

परत येताना कोडं घाल: या बेटाला पोर्तुगीजांनी हत्तीचं नाव दिलं, मग हत्ती कुठं आहे? उत्तर शनिवारी. तो दगडी हत्ती इंग्रजांनी १८६४ साली विलायतेला न्यायला उचलला, उचलताना तो पडून फुटला, आणि पुढं तुकडे भायखळ्याला आणून जोडले. राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे. काळ्या घोड्याचंही तेच. राजा एडवर्डचा घोडेस्वार पुतळा १९६५ साली काळाघोडा भागातून उचलून याच बागेत ठेवला, आणि तिथं आता नवा घोडा आहे, त्याच्यावर स्वारच नाही. आधी बिनस्वाराचा बघून मग स्वारासकटचा बघितला तर समर्थ आयुष्यभर ते सांगत सुटेल. मुंबईत दगडांचीसुद्धा बदली होते.

भायखळ्याला लोकलनं जा. सीएसएमटीला गाडी रिकामी लागते, स्लो धरा, मधे मशीद आणि सँडहर्स्ट रोड, की भायखळा. सकाळी त्या दिशेला गर्दी नसते. समर्थ कानडी शाळेत असला तरी देवनागरी वाचतो, स्टेशनांची नावं त्यालाच वाचायला लाव. आणि आमच्या धंद्यातला एक नियम आधी घरीच तालीम करून ठेवा: कुणी चढायचं राहिलं, तर चढलेल्यानं पुढच्या स्टेशनावर उतरून जागचं हलायचं नाही, आणि मागं राहिलेल्यानं पुढची गाडी धरून यायचं. दोघांनी एकमेकांना शोधायला सुरुवात केली की संपलं. मुलांच्या खिशात तुमचे दोन्ही नंबर लिहिलेली चिठ्ठी, ओवीच्या फ्रॉकला आतून पिन केलेली. रेल्वेचा १३९ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे तुझ्या फोनमध्ये.

राणीच्या बागेत आधी पेंग्विन. २०१६ मध्ये सोलहून आणलेले आहेत, काचेमागं थंडगार खोलीत पोहतात. उकाड्यात ती खोली मोठ्यांनाही सोडवत नाही.

एक जागा मात्र मुलांसाठी नाही, तुमच्या दोघांसाठी सांगतो: हुतात्मा चौक. शुक्रवारी गेटवेहून लॉजकडं येताना वाटेत आहे. हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिथं गोळ्या चालल्या. आपल्याकडं १७ जानेवारीला निपाणी-बेळगावात हुतात्म्यांना हार घालतात, ते त्याच लढ्यातले. मी पगार कर्नाटकाचा घेतला, पेन्शनही त्याचीच खातो आणि त्याबद्दल कुणाशी वाद घालत नाही. पण सीमाभागातल्या माणसानं त्या चौकातून मान वळवून जाऊ नये. मिनिटभर थांबा. मुलांनी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर सोडा.

आरक्षण साठ दिवस आधी खुलतं. दसऱ्याला पुण्या-मुंबईची माणसं गावाकडं येतात, तुम्ही उलटे निघालात म्हणून जाताना मिळेल, परतीचं अवघड. ते आधी काढा, खालचे बर्थ मागा. काकू दशम्या आणि शेंगाची चटणी देणार आहे. मोठ्यांची संकेश्वरी मिरचीची आहे, मुलांची वेगळी, बिनतिखटाची. तिच्या पुडीला पांढरा दोरा आहे, अदलाबदल करू नको.

तुझा,
आप्पाकाका

ता. क. विनायकरावांच्या यादीत मरीन ड्राइव्हचे दिवे रात्री साडेनऊला आहेत. ओवी आठला झोपते हे त्यांना कुणीतरी सांगा.