सही करण्याआधी

चि. मैथिलीस,


कंपनीची नोंदणी झाल्याचं तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला. मसाल्याच्या ऑर्डरी घेण्याआधी थोडं ऐक. माझी नोकरी कारखानदारांच्या वह्या तपासण्यात गेली, म्हणून अधिकाराने लिहितो.

तू आणि तुझी कंपनी, कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती. लंडनमध्ये बुटांचा धंदा करणाऱ्या आरन सालोमनच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने 1896 मध्ये हे पक्कं केलं. जवळपास सगळे शेअर त्याचे एकट्याचे, तरी कंपनीचं देणं त्याच्या डोक्यावर बसलं नाही. आपला 2013 चा कंपनी कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. धंदा बुडाला तर शेअरमध्ये घातलेले पैसे जातील, राहतं घर जायला नको.

पण हे संरक्षण तुझ्याच सहीने जाऊ शकतं. कॅश क्रेडिट देताना बँक कागदांचा गठ्ठा पुढे ठेवते आणि पेन्सिलीने फुल्या केलेल्या जागी सह्या मागते. बहुतेक पानांवर कंपनीचा शिक्का, खाली 'संचालक'. एका करारावर मात्र शिक्का नसतो, नुसतं तुझं नाव आणि घरचा पत्ता. ती तुझी वैयक्तिक जामिनकी. 1872 च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कंपनीकडून वसुली करावी अशी सक्ती नाही. जामिनकी बहुधा टळणार नाही. निदान रकमेला मर्यादा घालून माग. आणि बाबांना जामीनदार करू नकोस. त्यांच्या पेन्शनीच्या वयात हा घोर नको.

चेकचंही तेच. कंपनीचा चेक वटला नाही आणि नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कारभार पाहणारा संचालकही खटल्यात आरोपी होतो. पुढच्या तारखेचे चेक भिडेखातर देऊ नकोस.

आता तुझ्या येण्याचं. लघुउद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी लगेच कर. मग माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठी माल कधी पोचला याचा पुरावा लागतो. टेम्पोवाल्याला सांग, चलनावर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय पोतं उतरवायचं नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

बँकेचे कागद आले की आधी मला दाखव. रविवारी मी घरीच असतो.

तुझा,
आबाकाका