लग्नाआधी दहा किलो?

प्रश्न: वय ४६, वजन ७८ किलो. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. फक्त सूप आणि फळांवर राहून दहा किलो उतरवू का? मधुमेहाची गोळी चालू आहे.

उत्तर: नका, ताई. गोळी चालू असताना जेवण एकदम तोडलं, तर साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जातं. पुढे स्नायू झिजतात, केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दिवसाला ८०० कॅलरींखालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये.

आठवड्याला अर्धा किलो धरा. लग्नापर्यंत चार किलो, म्हणजे तुमच्या वजनाचे पाच टक्के. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. भाकरी सोडू नका, दोनाऐवजी एक घ्या. उसळ आणि कोशिंबीर वाढवा. रोज अर्धा तास भरभर चाला. केळवणांनाही जरूर जा, फक्त गोडाला आग्रह झाला तरी ठाम राहा. आणि हे सुरू करण्याआधी गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या.