कडीचा ठराव

चि. सायली,

तुझ्या शाळेतल्या मंत्रिमंडळाच्या निवडणुकीचे फोटो पाहिले. बोटांना शाई, मोबाइलवर मतदान आणि सातवीची ती मुख्यमंत्री, किती ताठ उभी आहे! तुझ्याकडे या मंत्रिमंडळाचं काम आलं म्हणून मुद्दाम लिहिते. बहुतेक शाळांत शपथविधीनंतर सगळं थंडावतं. आरोग्यमंत्री नखं तपासतो, परिपाठमंत्री सुविचार सांगतो आणि ठरवतात ते शिक्षकच. माझ्या शाळेतही कितीतरी वर्षं हेच चाललं. मुख्याध्यापक मीच होते.

एका वर्षी खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी मला दाखवलं की मुलींच्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जातात. मंत्रिमंडळाला विचारलं, तर सगळे खाली बघू लागले. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री सहावीतल्या एका मुलीला हाताला धरून घेऊन आली. ती मुलगी मंत्री नव्हती, निवडणुकीला उभीही नव्हती. म्हणाली, "बाई, संडासाला आतून कडी नाही. एकीला बाहेर उभं राहावं लागतं, मग मधली सुट्टी संपते. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही." दीड वर्ष हे चाललं होतं. आणि प्रत्येक माहिती तक्त्यात मुलींच्या स्वच्छतागृहापुढे मी 'आहे' असं लिहून सही करत होते. ती सही अजून टोचते मला.

म्हणून सांगते, मंत्रिमंडळाच्या बैठकीआधी मंत्र्यांना आपापल्या वर्गात पाठव. जे हात वर करत नाहीत त्यांच्याशी त्यांनी बोलायला हवं. मुलींना वेगळं बसायचं असेल तर बसू दे. आणि बैठकीत तू बोलू नकोस. हे फार जड जाईल तुला.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्याकडे दोन विद्यार्थीही असतात, त्यातली एक मुलगी. त्यांना फक्त सतरंजीवर बसवू नका, विषयपत्रिकेत मुलांचा विषय पहिला घ्या. संयुक्त शाळा अनुदानातल्या दोनेक हजारांत काय करायचं ते मुलांना सुचवू दे, आणि समितीत रीतसर ठराव करून घे. यात तू मुलांवर मेहेरबानी करत नाहीस. १९८९च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबतीत त्याचं मत ऐकलं जावं, त्याला योग्य ते वजन मिळावं. भारताने ती १९९२मध्ये स्वीकारली.

मुलं जे मागतील ते सगळं देता येणार नाही. परीक्षेच्या तारखा तुझ्या हातात नाहीत, मग तसं आधीच सांग. पण नकार द्यायचा तर कारणासह, आणि तोही लिहून. वॉर्सातल्या अनाथाश्रमात यानुश कोर्चाक मुलांचं न्यायालय चालवायचे आणि स्वतःही त्यापुढे उभे राहायचे. तितकं धैर्य मला झालं नाही. पण कडी बसवली त्या दिवशी परिपाठात सगळ्या मुलींची माफी मागितली, आणि त्यानंतर माझ्या टेबलापाशी येणाऱ्या मुली वाढल्या.

इतिवृत्ताची वही मुलांच्याच अक्षरात ठेव, शुद्धलेखन सुधारू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा ती घेऊन ये. नामंजूर झालेले ठराव मला आधी वाचायचे आहेत.

तुझी,
आत्या