काकांचं मृत्युपत्र शोधायचं कुठे?

प्रश्न : माझे निपुत्रिक काका ठाण्यात वारले. काकू आधीच गेल्या. काकांनी मृत्युपत्र केलं होतं असं नातेवाईक सांगतात, पण कागद कुणीच दाखवत नाही. काय करावं?

उत्तर : आधी घरचं कपाट, बँकेचा लॉकर, काकांचे वकील आणि सीए यांच्याकडे चौकशी करा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला साधा कागदही चालतो, आणि तो अनेकदा विम्याच्या पावत्यांतच सापडतो.

नोंदणी झाली असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्या. मृत्युपत्रं तिथे पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंदतात. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही. मृत्यूनंतर मात्र कुणीही अर्ज करू शकतो. त्यामुळे ‘तुमचा काय संबंध?’ असं कुणी विचारलं, तर नोंदणी कायद्याचं कलम ५७ दाखवा. मृत्यूचा दाखला सोबत हवाच. बंद लिफाफ्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेवायचीही सोय आहे, तिथेही विचारा.

सोसायटीतल्या नामनिर्देशनावर विसंबू नका. नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांसाठीचा विश्वस्त.

एक कटू गोष्ट : मृत्युपत्र नसेल आणि काकांचे वडील किंवा एखादं भावंड हयात असेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार पुतण्याचा क्रम त्यांच्यानंतर लागतो. वकिलाची फी भरण्याआधी हे तपासा.